गहिवर नको, क्रँक द्या!

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. काय तो गहिवर उसळला होता तेव्हा! फोटो, लेख, आठवणी... पण त्या टॅक्सींची इंजिनं गेली कुठे, हे कुणी विचारलं का?

तारापूरला माझ्या अंगणात पद्मिनी उभी आहे, इंजिन खोललेलं. क्रँक आधीच तीनदा घासलेला. आता आणखी घासणार नाही, म्हणतो बोईसरच्या एमआयडीसीतला कारागीर. त्या मापाचं बेअरिंगच मिळत नाही. म्हणजे दुसरा क्रँकच हवा. ही गाडी जिथे बनायची त्या कुर्ल्यातच भंगारवाल्यांकडे दोनदा जाऊन आलो. "अब माल नहीं आता, चाचा."

कुठून येणार? टॅक्स्या हेच आमचं कोठार होतं. वीस वर्षं झालेली टॅक्सी रस्त्यावरून काढू नका, असं मी म्हणत नाही. तो धूर मीही खाल्लाय. पण वितळवण्याआधी ब्लॉक, क्रँक, कार्ब्युरेटर काढून ठेवायला काय झालं होतं? एखादी पद्मिनी संग्रहालयात ठेवा म्हणणारे पुष्कळ भेटले. काचेमागे ठेवलेल्या गाडीला क्रँक लागत नाही हो!

मुलगा म्हणतो, "बाबा, विकून टाका." रविवारी बोईसरहून पहाटेची गाडी पकडून पुन्हा कुर्ल्याला निघालोय. जुना क्रँक पिशवीत घेतलाय, मापाला.