जुन्या संगणकाची राखण



मागील आठवड्यात आम्ही अष्टमीस बहिणीकडे गेलो होतो. भाची रडकुंडीस आली होती. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तिने पेनड्राइव्हमध्ये दाखले घेतले होते. तो घरच्या जुन्या संगणकाला लावताच फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागले. मुदत चार दिवसांवर. "मामा, फुकटातले कोणते अँटीव्हायरस टाकू?" तिने विचारले.

आम्ही आधी धीर दिला. हा व्हायरस बहुधा फायली पुसत नाही, लपवतो. मात्र त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये. तेथूनच तो पसरतो.

संगणकावर विंडोज ७ होती. तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 रोजी थांबवल्या. विंडोज एक्सपीच्या तर 8 एप्रिल 2014 लाच थांबल्या होत्या. आपण कोकणातली माणसे. पावसाआधी घर शाकारतो. शाकारणी थांबली तर दाराशी राखणदार बसवून गळती थांबेल काय? अँटीव्हायरस हा राखणदार आहे. तो हवाच, पण कौले तो बसवत नाही.

हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. हा व्हायरस ज्या वाटांनी पसरला, त्यांतली एक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती.

तरीही काही काळ जुनाच संगणक वापरावा लागत असेल, तर फुकटचे अँटीव्हायरस निवडताना चार गोष्टी पाहाव्यात.

एक, आपल्या जुन्या विंडोजसाठी व्हायरसांची यादी अजून येते काय, हे बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावर वाचावे आणि तेथूनच उतरवून घ्यावे.

दोन, ते सतत पहारा देते की सांगितल्यावरच तपासते? क्लॅमविन फुकट आहे, पण स्वतःहून पहारा देत नाही.

तीन, फुकटाच्या बदल्यात ते काय घेते? अव्हास्टच्या एका उपकंपनीने ग्राहक इंटरनेटवर काय पाहतात याची माहिती विकल्याचे उघड झाले, आणि 2020 मध्ये ती बंद करावी लागली.

चार, एका वेळी एकच ठेवावे. दोन राखणदार एकमेकांशीच भांडतात आणि संगणक रखडतो.

सफाईसाठी केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनेही फुकट मिळतात.

आम्ही भाचीचा पेनड्राइव्ह शेजारच्या नव्या संगणकावर तपासून घेतला. विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर हे अँटीव्हायरस मुळातच असते. त्याने व्हायरस काढला, लपलेले दाखले सापडले आणि अर्ज तेथूनच गेला. जुन्या यंत्राचे इंटरनेट आम्ही तोडले. आता त्यावर ती टंकलेखन करते. पुढे त्यावर एखादी हलकी लिनक्स बसवायचा विचार आहे. तीही फुकटच आणि तिच्या दुरुस्त्या चालू असतात.

पालकांना एवढेच सांगणे: मुलांच्या दाखल्यांची एक प्रत दुसऱ्या जागी आजच ठेवा. आणि शाकारणी थांबलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नका, राखणदार कितीही चांगला असो.