पाच पायऱ्या

कायदा संसदेत संमत होतो, न्यायालय त्याचा अर्थ लावते, आणि अखेर तो आमच्या कचेरीच्या पाच पायऱ्यांपाशी येऊन अडतो! हे कबूल करताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वी स्वतःच्या घरातला केर काढावा, हेच उचित होय.

उपसंपादकाच्या जागेसाठी एक तरुण चाकांच्या खुर्चीतून आमच्याकडे मुलाखतीस आला. जुन्या इमारतींच्या रीतीप्रमाणे आमच्या येथेही लिफ्टपर्यंत पोचण्यास पाच पायऱ्या चढाव्या लागतात. शिपायांनी त्याला उचलून नेण्याची तयारी दाखविली. तो शांतपणे म्हणाला, ‘‘आज उचलाल, रोज उचलाल काय?’’ आम्ही निरुत्तर झालो.

अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा दया शिकवीत नाही. तो हक्क सांगतो. त्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांस मान्यता दिली, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या, आणि खासगी आस्थापनांनीही समान संधीचे धोरण जाहीर करावे असे बजावले. सुगम्यतेचे निकष निव्वळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. सरकारने ‘दिव्यांग’ हे गोंडस नाव रूढ केले खरे. पण नाव बदलल्याने पायरीची उंची कमी होत नाही.

ह्याच कायद्याने स्वमग्नतेसारख्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवस्थांचीही दखल घेतली आहे. येथेही आमचे हात स्वच्छ नाहीत. आमच्याकडे पूर्वी एक मुद्रितशोधक होते. वेलांटीची चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मात्र गलका झाला की ते कानांवर हात ठेवीत, आणि तोंडी सांगितलेली कामे त्यांच्या ध्यानात राहत नसत. आम्ही त्यांना तऱ्हेवाईक ठरविले व बढतीच्या वेळी डावलले. काम चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि बसावयास शांत कोपरा असावा, एवढेच त्यांना हवे होते. त्यास छदामही लागला नसता!

अशा सोयींना ‘सवलत’ म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. हा मजकूर आम्ही चष्मा लावून लिहीत आहोत. त्यास कोणी सवलत म्हणत नाही.

आमच्या दाराशी आता उतरण बांधली जात आहे. तो तरुण मात्र अन्यत्र रुजू झाला. हानी त्याची नव्हे, आमची झाली. शहरातील प्रत्येक मालकाने आपल्या कचेरीच्या पायऱ्या आजच मोजाव्यात. कोणी दाराशी येऊन परत जाईपर्यंत वाट पाहू नये.