‘आपला हाय काय?’ : विदर्भाचा संघ आणि मेरिटचा हिशेब

२ मार्च २०२५. रविवार. जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला. केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातली ३७ धावांची आघाडी कामी आली. तासाभरात आमच्या ग्रुपवर अकरा नावांची यादी पडली. काही नावांपुढे टिक, एका नावापुढे प्रश्नचिन्ह. खाली मेसेज, ‘हा आपला हाय काय?’ त्यावर संध्याकाळपर्यंत सत्तर-ऐंशी मेसेज झाले. आडनाव कुठलं, गाव कुठलं, मामाकडचं नाव काय. सामन्याबद्दल त्यात एकही मेसेज नव्हता.

मित्रांनो, मी विदर्भाचा चाहता आहे तो विदर्भ हरत होता तेव्हापासूनचा. शाळेत असताना वाचनालयातल्या पेपरच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात दोन ओळींचा धावफलक यायचा, तो शोधून वाचायचो. बहुतेक वेळा बातमी पराभवाचीच असायची. तरी वाचायचो. त्यामुळे संघनिवडीवर बोलण्याचा माझा हक्क मी कुणाकडून मागून घेणार नाही, आणि आज या यादीवाल्यांशी आणि ‘क्रीडेत जात आणू नका’ म्हणणाऱ्यांशी, दोघांशीही मला भांडायचं आहे.

आधी सरळ क्रिकेटचं बोलू. आदित्य सरवटेला जाऊ द्यायला नको होतं, असं माझं तेव्हाही मत होतं. २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध याच जामठ्यावर ११ बळी घेणारा डावखुरा फिरकीपटू. तो केरळकडे गेला आणि २०२५ च्या फायनलमध्ये त्याच मैदानावर आपल्याविरुद्ध ७९ धावा काढून गेला. त्या दिवशी टाळी वाजवावी की कपाळ बडवावं कळेना. पण प्रामाणिकपणे हेही सांगितलं पाहिजे की त्याच मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. एका रणजी मोसमात इतके बळी त्याआधी कुणीच घेतले नव्हते. म्हणजे निवड समिती बरोबर ठरली आणि मी चुकलो. चाहत्याला हे कबूल करता आलं पाहिजे.

पाहुण्या खेळाडूंवरून दरवर्षी होणारं भांडणही मला अर्धंच पटतं. नियमाप्रमाणे राज्य संघाला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात. लोक म्हणतात, पोट्टे इथं बसून आहेत आणि बाहेरचे कायले आणता? पण वसीम जाफर मुंबईचा. त्याने चाळिशीत आपल्यासाठी २०१८-१९ च्या मोसमात हजाराच्या वर धावा केल्या, आणि आपली पोरं त्याच्याकडे पाहून डाव कसा बांधायचा ते शिकली. करुण नायर कर्नाटकचा. २०२५ च्या फायनलमध्ये त्याच्या ८६ आणि १३५. पाहुणा शिकवून जात असेल तर जागा वाया गेली असं मी म्हणणार नाही. नायर नंतर आपल्या घरी परतला. पाहुणा तो, जाणारच. दानिश मालेवारने त्याच सामन्यात नायरसोबत उभं राहून १५३ काढल्या, ते मागे राहिलं.

माझी खरी तक्रार आपल्या जिल्ह्याच्या पोराबद्दल आहे. अक्षय कर्णेवार पांढरकवड्याचा. दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्धच्या टी-ट्वेंटीत त्याने चार षटकं टाकली, चारही निर्धाव, दोन बळी, शून्य धावा. ज्या प्रकारात फलंदाज डोळे मिटून बॅट फिरवतात, त्यात एकही धाव नाही! पण लाल चेंडूच्या संघात त्याचं आत-बाहेर चालूच राहिलं. फायनलच्या अकरामध्ये तो होता, याचा मला कुठल्याही शतकापेक्षा जास्त आनंद झाला. हा माझा जिल्हाभिमान आहे, मान्य. पण तो खेळाडूच्या गावावर थांबतो, जातीपर्यंत जात नाही. या लेखात आजच्या एकाही खेळाडूची जात मी लिहिणार नाही.

कारण निवड समितीच्या टेबलावर जे होतं ती निवडीची शेवटची पायरी असते. आपण आयुष्यभर त्याच पायरीवर भांडतो. अकरा की बारा, हा की तो. खरी निवड त्याच्या दहा वर्षं आधी झालेली असते आणि तिची यादी कुठेही लागत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका पोराचं सांगतो. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. जयंतीच्या टेनिस बॉल स्पर्धेत सलग तीन वर्षं तो उत्कृष्ट गोलंदाज. लांब हातांचा, उंच, आणि यॉर्कर असा की स्टंप जमिनीतून उपटून निघावा. मी त्याला म्हटलं, सोळा वर्षांखालच्या निवडचाचणीला जा. चाचणी कधी आहे हे विचारायला आम्ही एका क्लबच्या माणसाकडे दोनदा गेलो. ‘कळवतो’ म्हणाले. चाचणी झाल्यावर कळलं. पुढच्या वर्षी तारीख वेळेवर कळली, तर लेदर बॉलवर खेळायची सवय नाही, पांढरे कपडे नाहीत, स्पाइक्सचे बूट नाहीत. कुणाचे तरी जुने बूट एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून त्याने सहा चेंडू टाकले. सहा चेंडू! ‘नेक्स्ट’. बाप हमालीला जातो, त्या दिवशीची मजुरी बुडवून सोबत आला होता. परतीच्या एसटीत पोरगा झोपला, बाप जागा होता. मला म्हणाला, ‘सर, त्याचा बॉल वाईट होता काय?’ मी काय सांगू?

आता कुणी म्हणेल, यात जात कुठे आली? त्याला कुणी जात विचारली नाही. बरोबर आहे, विचारली नाही. विचारायची गरजच पडली नाही. माहिती कुणाच्या फोनवर येते, मैदानाच्या किल्ल्या कुणाकडे असतात, लेदर बॉलचं नेट कुठल्या कॉलनीजवळ लागतं, कुणाचा बाप एका दिवसाची मजुरी बुडवू शकतो, या सगळ्याची उत्तरं गावात आधीच ठरलेली असतात. समाजशास्त्रात त्याला सामाजिक भांडवल म्हणतात. आपल्याकडे ‘ओळख’ म्हणतात.

उमेश यादवचं उदाहरण मला लगेच तोंडावर फेकलं जातं. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, टेनिस बॉलवर वाढलेला, पोलीस भरतीचा प्रयत्न फसलेला, लेदर बॉल हातात आला तो विशीच्या उंबरठ्यावर, आणि २०११ मध्ये थेट कसोटी संघात. विदर्भाचा पहिला कसोटीपटू. मला त्याचा प्रचंड अभिमान आहे. पण या गोष्टीचा उलटा अर्थ काढू नका. इतका वेगवान गोलंदाज विशीपर्यंत लेदर बॉलपासून लांब राहिला, हे त्या व्यवस्थेचं यश आहे की तिच्या डोळ्यांवरच्या पट्टीचा पुरावा? एक सापडला म्हणून जाळं चांगलं होतं असं म्हणायचं, की किती निसटले ते मोजायचं?

शंभर वर्षांपूर्वी निदान हे सगळं उघड होतं. पळवणकर बाळू चांभार समाजातला, पुण्यात जिमखान्याच्या मैदानावर राबणारा पोरगा. इंग्रज अधिकाऱ्यांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करत डावखुरी फिरकी शिकला. गोऱ्यांना हरवायचं तर याच्याशिवाय भागत नाही हे कळल्यावर पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतलं. मैदानावर चेंडू त्याच्या हातात, आणि चहाच्या वेळी तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. त्याचा चेंडू चालत होता, कप चालत नव्हता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. कप्तान होते पतियाळाचे महाराज. हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूच्या वाट्याला कधी आलंच नाही. १९२० मध्ये त्याला संघातून वगळलं, भाऊ विठ्ठलला कर्णधारपद नाकारलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली. गप्प बसले नाहीत, उघडपणे बाहेर पडले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. कुणाचं मन अचानक मोठं झालं म्हणून नव्हे.

(१९३७ मध्ये बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला आणि हरला, म्हणून आपल्यातले काही जण त्याचं नाव घेत नाहीत. मला हे पटत नाही. राजकारणात तो चुकला. त्याने घेतलेले बळी चुकले नव्हते.)

आता ‘क्रीडेत फक्त मेरिट’ वाल्यांकडे वळतो. त्यांना माझा एकच प्रश्न आहे. विदर्भ रणजीत १९५७-५८ पासून खेळतो. पहिला करंडक २०१७-१८ मध्ये आला, इंदूरला दिल्लीला हरवून, गुरबानीच्या हॅट्‌ट्रिकवर. मधली साठ वर्षं विदर्भाच्या मातीत मेरिट नव्हतं काय? मुंबईवाले तर तसंच म्हणायचे. विदर्भाविरुद्धचा सामना म्हणजे हक्काचे गुण. मग मेरिट आलं कुठून? निवासी अकादमी झाली, जामठ्याचं स्टेडियम झालं, चंद्रकांत पंडितसारखा प्रशिक्षक मुंबईतून आणला, जाफर आणि गणेश सतीश आणले, पोरांना वर्षभर खेळायला खेळपट्ट्या मिळाल्या. म्हणजे मेरिट घडवलं. पैसा, मैदान, मास्तर आणि वेळ देऊन घडवलं. विदर्भाचा करंडक हा मेरिट जन्मजात नसतं याचा महाराष्ट्रातला सगळ्यात चकचकीत पुरावा आहे, आणि तो नागपुरात काचेच्या कपाटात ठेवलेला आहे.

पुढचं ऐका. लोढा समितीने ‘एक राज्य, एक मत’ सांगितलं तेव्हा महाराष्ट्रातल्या तीन संघटनांपैकी एकीलाच एका वेळी मत मिळणार होतं. त्याला विरोध झाला. इतिहास सांगितला गेला, योगदान सांगितलं गेलं. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ तिघांनाही स्वतंत्र सदस्यत्व परत दिलं. मला आनंदच झाला. पण मग हे स्वतंत्र प्रतिनिधित्व नाही तर काय आहे? १९५३ चा नागपूर करार काय होता? नोकऱ्यांत आणि शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा. १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल कशासाठी होता? अनुशेष मोजण्यासाठी. विदर्भ मुंबईशी बोलतो तेव्हा अनुशेष, वाटा, प्रतिनिधित्व हे शब्द न्यायाचे असतात. वस्तीतलं पोरगं नागपूरशी किंवा यवतमाळशी तेच बोललं की शब्द होतो ‘आरक्षण’ आणि नाकं मुरडली जातात. आपल्यावरच्या अन्यायाचं गणित येतं, आपण केलेल्या अन्यायाची वजाबाकी येत नाही.

२०१७ मध्ये रामदास आठवलेंनी क्रिकेटमध्ये २५ टक्के आरक्षण मागितलं तेव्हा सोशल मीडियावर विनोदांचा पाऊस पडला. मागणी कच्ची होती हे मीही म्हणतो. अकरामध्ये टक्के बसवणं सोपं, पण खाली काहीच नसेल तर त्या जागेवरही ओळखीचीच पोरं बसतात. तरीही ‘कोटा लावला की संघ बुडतो’ असं हसत सांगणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेकडे पाहावं. तिथे २०१६ पासून मोसमाच्या सरासरीने संघात किमान सहा कृष्णवर्णीय-मिश्रवर्णीय खेळाडू, त्यात किमान दोन आफ्रिकी कृष्णवर्णीय, असं लक्ष्य ठरवलं. टेंबा बवुमाला वर्षानुवर्षं ‘कोट्याचा खेळाडू’ म्हणून हिणवलं गेलं. जून २०२५ मध्ये लॉर्ड्‌सवर त्याच्याच नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाला हरवून तो संघ कसोटीतला जगज्जेता झाला. मांडीचा स्नायू दुखावलेला असताना त्याने दुसऱ्या डावात ६६ काढल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच संघाने भारतात येऊन आपल्याला २-० ने धुतलं. गुवाहाटीत ४०८ धावांनी. त्यावर विनोद आले नाहीत.

आणि आता आपल्या यादीवाल्या पोरांकडे. आडनाव वाचून टिक मारणं हे तेच काम आहे जे गावचा पाटील शतकानुशतकं करत आला, फक्त टिकची जागा बदलली. त्यातून मिळतं काय? ‘आपला’ सापडला तर दोन दिवस स्टेटस, नाही सापडला तर दोन दिवस संताप. तिसऱ्या दिवशी चाचणीची तारीख कुणालाच माहीत नसते. बाळूचे भाऊ संघातून बाहेर पडू शकले कारण ते संघात होते. आपली पोरं दारापर्यंतच पोहोचत नाहीत, तर बहिष्कार तरी कशावर घालणार?

मला यादी हवी आहे, पण वेगळी. यवतमाळच्या सोळा तालुक्यांतून मागच्या पाच वर्षांत चाचणीला किती मुलं-मुली आली, कोणत्या तालुक्यातून शून्य आली, पुढे किती गेली. झरी-जामणीत, मारेगावात, महागावात लेदर बॉलची एक तरी खेळपट्टी आहे का? चाचणीची तारीख जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फलकावर का लागत नाही? क्रिकेट मंडळाला माहितीच्या अधिकाराखाली आणा, असं विधी आयोगाने २०१८ मध्येच सांगितलं आहे. ते होईल तेव्हा होईल. तोवर हे प्रश्न लेखी विचारायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि तालुका क्रीडा संकुल तर सरकारी आहे, तिथे माहितीचा अर्ज आजही चालतो. त्याचा दहा रुपयांचा स्टॅम्प मी लावतो.

तो बूट मोठे झालेला पोरगा आता तेवीसचा आहे. कंपनीत पॅकिंगला जातो. एप्रिलमध्ये जयंतीच्या स्पर्धेत अजून टाकतो, यॉर्कर तसाच. त्याचा धाकटा भाऊ चौदा वर्षांचा, डावखुरा. यंदा जिल्ह्याच्या चाचणीची तारीख ज्याला पहिल्यांदा कळेल त्याने ती ग्रुपवर टाकावी, कितीही रात्र झालेली असो. पाच नंबरचे स्पाइक्सचे बूट कुणाकडे असतील तर तेही सांगा.

जय भीम.