इंजिनाला पैसा, निगेला काय?

१४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. त्याच नदीच्या काठी, खालच्या अंगाला, यात्रेचे कौंडण्यपूर आहे. तेथे बचावनौका हवीच. परंतु नौकेला लावायचे छोटे इंजिन विकत घेतल्याने प्राण वाचत नाहीत. दोरी ओढताच ते सुरू व्हावे लागते. गढूळ पाण्यातील गाळ त्याचा पंप झिजवतो, म्हणून वापरानंतर स्वच्छ पाणी खेळवावे लागते. पडून राहिलेले पेट्रोल कार्बोरेटर तुंबवते, प्लग काजळतो. ही निगा कुलूपबंद गोदामात होत नाही. नदी जाणणाऱ्या भोई तरुणांना हे काम शिकवून बारमाही वेतन द्यावे. यंत्राला पैसा आणि श्रमाला नुसते आभार, ही काटकसर नव्हे, उधळपट्टीच होय.