विष ओळखणारी ताटली?

अन्नात विष असलं की ताटलीला तडा जातो, नाहीतर तिचा रंग पालटतो, असं कुणी सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल? पूर्वीच्या राजेराजवाड्यांचा बसत असे! चीनहून जहाजांतून येणारी हिरवट भांडी त्यासाठी ते मुद्दाम जवळ बाळगत. या भांड्यांना सेलाडॉन म्हणतात. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात ती आजही पाहायला मिळतात. मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांनी जमवलेल्या वस्तूंचं हे संग्रहालय १९५१ साली सुरू झालं.

मग ही ताटली खरंच विष ओळखते का? मुळीच नाही. तिच्यावरची झिलई म्हणजे काचेसारखा थर. विषाने त्याला काहीच होत नाही. पण या ताटलीत खरी जादू आहे, ती तिच्या नक्षीत!

आमच्या उंद्रीत लोणचं चिनी मातीच्या बरणीत मुरतं. बरणीवरची फुलं रंगाने काढलेली असतात. सेलाडॉनवर मात्र नक्षीसाठी वेगळा रंग नसतोच. सुमारे हजार वर्षांपूर्वी, चीनमध्ये सोंग राजांच्या काळात (९६० ते १२७९), याओचौ आणि लोंगच्वान इथले कुंभार ताटली अर्धवट सुकली की तिच्यावर चाकूने कमळं, पानं, लाटा कोरत. चाकू तिरका धरत, म्हणजे रेघ एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ व्हायची. मग वरून झिलई देऊन भट्टीत भाजत. वितळलेली झिलई खोल जागी जास्त साचे, तिथे रंग गडद. उथळ जागी थर पातळ, तिथे रंग फिका. एकाच हिरव्या रंगातून फूल उठून दिसे!

खोटं वाटतं? करून बघा. पेलाभर पाण्यात हिरव्या रंगाचे दोन थेंब टाका. त्यातलं थोडं पाणी पांढऱ्या बशीत ओता. बशीतलं पाणी फिकं दिसेल, पेल्यातलं गडद. पाणी तेच, फरक फक्त खोलीचा.

आणि हा हिरवा रंग येतो कशाने? झिलईतल्या थोड्याशा लोखंडाने! आपला माठ लाल होतो तोही मातीतल्या लोखंडानेच. माठ भाजताना भट्टीत भरपूर हवा खेळते, म्हणून लाल रंग येतो. सेलाडॉन भाजताना हवा कोंडतात, म्हणून हिरवा.

लोंगच्वानचे कारागीर आजही ही भांडी घडवतात. २००९ साली युनेस्कोने त्यांच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत मान दिला. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली चिनी भांडी जरूर बघा.

विषाची गोष्ट शेकडो वर्षं चालली, कारण "बघू तरी करून" असं फारसं कुणी म्हटलं नाही. तुम्ही मात्र म्हणत जा हं! आणि बशीचा प्रयोग घरच्यांनाही दाखवा.