दारावरची घंटा

दारीं कोणी आलें आहे, हें घरांत प्रथम कोणास कळावें? हा प्रश्न पूर्वी कोणाच्या मनांतहि आला नसता. कडी वाजली कीं ती सर्वांसच ऐकूं येई. पुढें विजेची घंटा आली. तिचाहि नाद माजघरापासून परसापर्यंत पोहोंचे. हल्लीं दारोदार व्हिडिओ डोअरबेल बसूं लागली आहे, आणि हा प्रश्न खरोखरच उभा राहिला आहे.

यवतमाळ जिल्ह्यांत झरी-जामणी तालुक्यांतील मुकुटबन येथें आमच्या एका स्नेह्यांचें जुनें घर आहे. गांवांत सिमेंटचा मोठा कारखाना २०२२ सालीं सुरू झाला. अनोळखी माणसांची ये-जा वाढली, तेव्हां दार उघडण्यापूर्वीं कोण आलें आहे तें पाहावें, असें घरच्या मंडळींस वाटूं लागलें. अमेरिकेंत नोकरीस असलेल्या धाकट्या चिरंजीवांनीं सुटींत येतांना अशी एक डोअरबेल आणली. "माझ्या घरीं मींच ती अर्ध्या तासांत बसविली. जुन्या बटणाच्या दोन तारा काढावयाच्या व हिला जोडावयाच्या, एवढेंच काम," असें ते म्हणाले. वायरमन आला. तो जुनें बटण उघडीत असतांना थोरल्या सूनबाई सोबतचें माहितीपत्रक वाचीत होत्या. त्यांनीं सहज विचारलें, "येथें १६ ते २४ व्होल्ट लिहिलें आहे. आपल्या घंटेस किती लागतात?" काम तेथेंच थांबलें; आणि थांबलें तें फार बरें झालें.

अमेरिकेंतील घरांत घंटेसाठीं बहुधा एक लहान ट्रान्सफॉर्मर असतो. तो १२० व्होल्टांचा दाब सोळाच्या आसपास उतरवितो, व बटणापर्यंत तेवढाच दाब येतो. आपल्याकडील "डिंग-डाँग" घंटा बहुतेक घरांत थेट २३० व्होल्टांवर चालते, आणि बटणाच्या तारांतहि तोच दाब असतो. त्या तारांस ही डोअरबेल जोडली असती तर ती जळून गेली असतीच. शिवाय पावसाळ्यांत ओल्या हातानें ती दाबणाऱ्या पाहुण्याच्या जिवावरहि बेतलें असतें.

तेव्हां कोणीसें सुचविलें, कीं जुनी घंटा काढूनच टाकावी. नवी मोबाईलवर वाजेलच. हें ऐकून ओसरीवर बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, "म्हणजे पाहुणा मुकुटबनास दारांत उभा, तो कळणार अमेरिकेंत, आणि मी चार हातांवर बसलेली, मला पत्ता नाहीं!" आजीबाईंची दृष्टि अधू, मोबाईल त्या वापरीत नाहींत. त्यांचें घरावरचें लक्ष तें सर्व कानांनींच.

जुन्या घंटेंत तारेची एक कॉइल, तींत लोखंडी दांडा व दोहों बाजूंस धातूच्या दोन पट्ट्या असतात. बटण दाबतांच दांडा ओढला जाऊन एका पट्टीवर आपटतो. बोट उचललें कीं स्प्रिंग त्यास मागें ढकलते व दुसरी पट्टी वाजते. दाबणाराचा हात जसा, तसें दोन नादांमधील अंतर. दूधवाल्याचा तुटक ठोका आणि नातवाचा लांबलेला ठोका आजीबाई अचूक ओळखीत. नवी डोअरबेल मात्र घंटा वाजविण्याचा काळ बहुधा स्वतःच ठरविते; तिच्या हातीं सारे पाहुणे सारखेच!

यांतून निघालेला मार्ग आमच्या वाचकांसहि उपयोगी पडेल. जाणत्या वायरमनानें मेन स्विच बंद करून, टेस्टरनें खात्री करून घेतली. मीटरच्या बोर्डापाशीं माहितीपत्रकांत सांगितलेल्या शक्तीचा ट्रान्सफॉर्मर बसविला, व तेथून नव्या दोन तारा २३० व्होल्टांच्या तारांपासून वेगळ्या नेल्या. ओसरीवर कमी व्होल्टांची, परंतु तशीच दोन पट्ट्यांची घंटा लावली. डोअरबेल आपली वीज या घंटेच्या कॉइलमधूनच घेते. त्यामुळें घंटा एकसारखी घुमूं नये म्हणून सोबत मिळणारा लहान जोडभाग घंटेच्या दोन टोकांस लावला. मोबाईलमध्यें घंटेचा प्रकार "मेकॅनिकल" असा निवडला; "डिजिटल" निवडल्यास कॉइलमध्यें वीज अधिक वेळ राहून ती तापते. जुनी घंटा तिच्या जुन्या बटणासह मागील दारीं गेली. घरचीं माणसें व दूधवाला आतां तेथूनच येतात, आणि आजीबाईंस त्यांचे हात पूर्वीप्रमाणें ओळखूं येतात.

येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दारावर कॅमेरा व घरांत चित्र ही योजना न्यूयॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेनें आपल्या पतीसह काढली. १९६९ सालीं तिचें पेटंट मिळालें. अवेळीं एकटें घरीं असतां दारीं कोण आहे हें आंतल्या आंत कळावें, हा तिचा हेतु. म्हणजे हें यंत्र मुळांत घरीं असणाऱ्यासाठीं आहे. परदेशीं असलेल्या मुलानें तें अवश्य पाहावें. परंतु घरांतील सर्वांत वृद्ध माणसास तें ऐकूं येतें कीं नाहीं, याची खात्री आधीं करून घ्यावी.

मुकुटबनच्या त्या घरीं पुढील दाराची कडीहि तशीच ठेविली आहे. वीज गेली म्हणजे दोन्ही घंटा मुक्या होतात. त्या वेळीं येणारा पाहुणा तीच वाजवितो.