भुताला लोणी की गोळी?

भुतांच्या बाबतीतही खान्देशचा अनुशेष बाकी आहे. झी मराठीवर २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली ती कोकणातल्या घरात. २०१८ चा 'तुंबाड' कोकणच्या पावसात भिजलेला. २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या 'मुंज्या'ने शंभर कोटींचा पल्ला ओलांडला. त्याचेही गाव कोकणातच. आमच्याकडे पाऊस बेताचा आणि उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा. इथे भूत तग धरणार नाही, असे निर्मात्यांना वाटत असावे.

वास्तविक मुंजाला देवपण आणि वर्षाची यात्रा मिळाली आहे ती यावलजवळच्या अट्रावलला. सोडमुंज होण्याआधी गेलेला पोर पिंपळावर बसतो, ही कथा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. बाकीच्या गावांत लोक तो पिंपळ चुकवून जातात. अट्रावलला माघ महिन्यात सोमवारी आणि शनिवारी गाड्या करून मुंजोबाला भेटायला येतात, नवस फेडतात, लोणी वाहतात. वाहिलेल्या लोण्या-फुलांचा ढीग यात्रेच्या दिवसांत कधीतरी पेट घेतो. आपोआप पेटतो, अशी भाविकांची श्रद्धा. लोणी आणि उदबत्ती इतकी जवळ असल्यावर देवाला फार कष्ट पडत नसावेत, असे आमचे मत; पण ते यात्रेत बोलून दाखवायची आमची छाती नाही.

भुताशी लढायची तऱ्हा मात्र आम्ही पाहिली ती लॅपटॉपवर. पुण्याला शिकणारा भाचा सुटीत लॅपटॉप घेऊन घरी आला, की घरातले मोठे आधी गेमला नावे ठेवतात आणि मग दार लोटून स्वतः खेळून बघतात. आम्हीही त्यातलेच. गेम होता 'घोस्टवायर: टोकियो'. जपानच्या टँगो गेमवर्क्सने तो मार्च २०२२ मध्ये आणला. टोकियोच्या शिबुया भागात धुके उतरते आणि माणसे नाहीशी होतात. रस्त्यावर उरतात त्यांचे कपडे, जिथे उभे होते तिथेच गळून पडलेले. उरलेल्या एकट्या अकितो नावाच्या पोराच्या अंगात एका मेलेल्या गुप्तहेराचा आत्मा शिरतो. आपल्याकडे अंगात आले की माणूस घुमतो, अकितोच्या बोटांतून वारा, पाणी आणि आग सुटते. पडद्यावर दिसतात ते त्याचे दोन हात आणि बोटांच्या मुद्रा. बंदूकवाल्या गेमचा सगळा साचा तोच, फक्त बंदुकीच्या जागी मंत्र.

समोरून येणारी भुते चांगली उतरली आहेत. काळा सूट घालून, छत्री उघडून चालत येणारा बिनचेहऱ्याचा नोकरदार पहिल्यांदा दिसला तेव्हा आम्ही खुर्ची मागे सरकवली. मुंडके नसलेल्या शाळकरी मुली दिसल्या तेव्हा भाचीला खोलीबाहेर घालवले. पण ही दहशत फार टिकत नाही. गुण वाढतात, शक्ती वाढतात, आणि मग छत्रीवाला दिसला की भीतीऐवजी हिशेब सुरू होतो: याला वाऱ्याने उडवावा की आगीने, आणि त्यात किती वाचेल? भुताटकीच्या नेमबाजी गेमची ही जुनीच अडचण आहे. २००१ च्या 'अनडाइंग'मध्ये एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हातात मंत्र होता. २००५ च्या 'फिअर'मध्ये काळ मंदावण्याची शक्ती होती. तिथे भीती जिवंत राहिली ती अल्मा नावाच्या लाल झग्यातल्या पोरीमुळे, कारण ती गोळीने मरत नाही. हातातले सामर्थ्य जिथे चालत नाही तेवढ्याच जागी माणूस घाबरतो.

अशा भीतीला टोकियोच कशाला हवे? शेतीच्या फिडरला रात्रपाळीची वीज आली की यावल-रावेरचा केळीवाला मध्यरात्री मोटार चालू करायला निघतो. बॅटरीचा उजेड दोन खोडांपलीकडे जात नाही. वाळकी पाने वाऱ्याशिवायही खडखडतात. सातपुड्यातून बिबट्या खाली उतरतो हे सगळ्यांना माहीत असते, आणि बिबट्याला मुद्रा कळत नाहीत. स्टार्टरच्या पेटीपर्यंत पोचून मोटारीचा आवाज येईस्तोवर घशाला कोरड असते. या केळीवाल्याला गेममधली भीती खोटी वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही.

तरीही 'घोस्टवायर' आम्ही सोडून दिला नाही, आणि त्याचे कारण मारामारी नव्हते. मुख्य कथेच्या कडेकडेने गल्लीबोळांत काही आत्मे उभे असतात. त्यांना मारायचे नसते. त्यांचे काय अडले आहे ते विचारायचे असते. एका म्हातारीच्या आत्म्याची तक्रार अशी, की तिच्या घराला बरकत देणारे बालभूत कोणीतरी पळवून नेले आहे. ते शोधून परत आणायचे, एवढेच काम. ते करताना आम्हाला टोकियो एकदम ओळखीचे वाटले. ज्याची इच्छा राहिली तो मागे राहतो, त्याला विचारायचे, त्याचे द्यायचे आणि वाट मोकळी करायची, हे जपान्यांनी आपल्याला शिकवायची गरज नाही. अट्रावलचे लोणी दुसरे काय आहे? खान्देशातल्या कुठल्या आजीने भूत मारल्याची गोष्ट सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तिच्या गोष्टीतले भूत काहीतरी मागत असते आणि गोष्ट संपते ती ते मिळाल्यावर.

इथवर सगळे गोड आहे. पण याच गेममध्ये आणखी एक शक्ती आहे. बटण दाबले की डोळ्यांना न दिसणारे दिसू लागते: लपलेला आत्मा, शापाचा माग, भिंतीआडचा शत्रू. खेळताना सर्वांत जास्त वापरले जाते ते हेच बटण. आणि इथे सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस थबकतो, कारण ही दृष्टी आपल्याला आहे असे सांगणारी माणसे त्याने पाहिलेली असतात. मूल दगावते, बैल मरतो, भाऊबंदकीत जमिनीचा वाद लागतो. मग कोणा भगताला 'दिसते' की हे अमुक बाईने केले. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याची प्रकरणे पोलिसांत गेली आहेत. ती बहुधा विधवा असते, एकटी असते, आणि पुष्कळदा तिच्या नावावर थोडी जमीन असते. दृष्टी अलौकिक, पण नजर सातबाऱ्यावर.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यावर काही दिवसांतच सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि त्याच डिसेंबरात त्याचा कायदा झाला. अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना फसवणे, एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

गेममुळे पोरे बिघडतात, त्यांना हिंसेची चटक लागते, असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू, की डाकीण ठरवून बायकांना मारणाऱ्यांपैकी कितीजण गेम खेळत होते? गेममध्ये बटण दाबल्यावर जे दिसते ते खरोखर तिथे असते, कारण ते प्रोग्रामरने ठेवलेले असते. भगताला दिसते ते कोणी ठेवलेले असते, याची चौकशी गावात सहसा होत नाही. लॅपटॉपवर भुते उडवणारे पोर पडद्यावरचा शत्रू आणि शेजारची काकू यांत गल्लत करत नाही. ती गल्लत करणारे वेगळेच.

आता धंद्याचे. टँगो गेमवर्क्स बंद करत असल्याचे मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये जाहीर केले आणि ऑगस्टमध्ये कोरियाच्या क्राफ्टनने तो स्टुडिओ घेतला. क्राफ्टन म्हणजे बीजीएमआय या मोबाइल गेमवाली, जिच्या लढाया यावलच्या बसस्टँडवर एसटीची वाट पाहत पोरे रोज लढतात. इकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये 'इंडस'. मराठी मुलुखात गेम होतात, हे आता सिद्ध करायला नको. कोकणातली भुते सिनेमावाल्यांनी संपवत आणली आहेत, तेव्हा या गेमवाल्यांतले कोणीतरी एक दिवस तापी ओलांडून येईलच. त्याने खेळाडूला वारा द्यावा, आग द्यावी, हवी तर गोफण द्यावी, वेताळाशी मनसोक्त लढू द्यावे. माणसांमधली डाकीण दाखवणारे बटण तेवढे देऊ नये. ते दाबणाऱ्यांवर आमच्याकडे गुन्हे दाखल होतात.